उघड्यावरचा ओळंबा

"माझ्या डोळ्याला ओळंबा लागत नाही."

हे वाक्य तो पाया खणताना म्हणायचा, चौकट बसवताना म्हणायचा, संध्याकाळी हातपाय धुताना म्हणायचा, आणि कुणी काही विचारलं नसलं तरी म्हणायचा. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं पितळेचं वजन. भिंतीच्या वरच्या कडेवरून दोरी सोडली की वजन सरळ खाली येऊन थांबतं, आणि भिंत सरळ उभी आहे की कुठे कलली आहे ते गुपचूप सांगून टाकतं. सगळे गवंडी ते वापरतात. आमचा गवंडी वापरत नव्हता, म्हणून गावाने त्याचं नावच ओळंबा ठेवलं. त्याला ती पदवी वाटायची.

आमच्या घराची मागची भिंत त्याच्याच हातची. त्या भिंतीला लावून ठेवलेल्या कपाटाचं दार बारा वर्षं आपोआप उघडतं आहे. माझ्या आईने त्याला बोलावून दाखवलं, तर तो म्हणाला, "वहिनी, भिंत बरोबर आहे. कपाटालाच बाहेर बघायची हौस आहे." आईने शेवटी दाराला सुतळी बांधली.

पण त्याला काम करताना बघणं ही मोठी करमणूक होती. दोन थर रचले की तो चार पावलं मागे यायचा. डावा डोळा मिटायचा. उजव्या हाताचा अंगठा समोर धरायचा आणि थांबायचा. किती थांबायचा. झाडाची सावली पायावरून सरकून जायची, बघणाऱ्यांच्या विड्या संपायच्या, तरी हा थांबलेलाच. मग मान एकदा हलवायचा आणि पुढे जायचा. बघायला आलेल्यांना वाटायचं, आज काहीतरी मोठं घडलं. त्याची बायको त्याच्याच हाताखाली माल कालवायची. ती घमेलं डोक्यावर घेऊन तेवढा वेळ उभी असायची. ती एकदाच म्हणाली होती, "अहो, ठरलं असेल तर सांगा. मान माझी मोडतेय, भिंतीची नाही."

त्यांना एकच मुलगी. पाच वर्षांची, अंगाने काडी, स्वभावाने बापावर गेलेली. म्हणजे एकदा नाही म्हटलं की नाही. आई माल कालवायची तेव्हा ती वाळूच्या ढिगावर बसून घरं बांधायची. तिची घरं सरळ असायची.

शाळेच्या कुंपणाची भिंत चालू होती तेव्हाची गोष्ट. समोरच्या सावलीत शिंपी आणि आणखी तिघे बसले होते. चार माणसं बघायला असली की ओळंब्याच्या अंगात यायचं. त्याला अर्धी वीट हवी होती. त्याने वीट तळहातावर घेतली, थापी उचलली आणि तोंड फिरवलं ते थेट बघ्यांकडे. "न बघता मधोमध तोडतो," म्हणाला. तोडली. वीट मधोमध काही तुटली नाही, एकीकडे थोडी नि दुसरीकडे फार अशी तुटली, आणि एक कपची उडाली ती वाळूच्या ढिगाकडे.

मुलगी रडली नाही. तिने दोन्ही हातांनी उजवा डोळा धरला आणि वाळूच्या घरावर बसली.

ओळंब्याने फुंकर घातली, डोळ्यावर पाणी मारलं, पापणी वर करून बघितलं. "काही नाही. वाऱ्याने धूळ गेली." त्या दिवशी झाडाचं पानसुद्धा हललं नव्हतं. पण वाऱ्याला कुणी साक्षीला बोलावत नाही, तेव्हा ते खपून गेलं.

डोळा आठवडाभर लाल राहिला, मग निवळला. ओळंब्याने पोरीला दारात उभं केलं, चार पावलं मागे गेला, डावा डोळा मिटला, अंगठा धरला आणि निकाल दिला, "झकास." पुढे दीड महिन्याने आईला पोरीच्या बुबुळाच्या मधोमध राखाडी ठिपका दिसला, मसुरीच्या दाण्याएवढा. "उजेड पडलाय त्यावर," बाप म्हणाला. आईने त्याच्याशी वाद घातला नाही. तिने फक्त पोरीचा चांगला, डावा डोळा तळहाताने झाकला आणि विचारलं, "माझी किती बोटं?"

"आई, अंधार का केलास?" पोरगी म्हणाली. भर दुपार होती आणि दोघी अंगणात होत्या.

आई तशीच उठली. हात मालाने भरलेले होते, ते बसमध्ये बसल्यावर पदराला पुसले. ओळंबा मागून आला, कारण घरातला निर्णय आपल्याशिवाय झाला असं कुणी म्हणायला नको.

डोळ्यांच्या दवाखान्यातली डॉक्टरबाई वयाने लहान होती, आणि चाकांच्या स्टुलावर बसून खोलीभर सरकत होती. ओळंब्याला ते आवडलं नाही. त्याच्या मते जाणकार माणूस एका जागी थांबतो. तिने पोरीची हनुवटी यंत्रावर टेकवली, बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाली, "मोतीबिंदू आहे."

ओळंबा हसला. "बाई, मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो. ही अजून पाच वर्षांची आहे."

"मार बसला तर पाच वर्षांच्यालाही होतो. डोळ्याच्या आतलं भिंग चिरलंय, म्हणून ते गढूळ झालं. बुबुळाची कडही एका बाजूला त्याला चिकटली आहे. कशाने लागलं?"

"वाऱ्याने," बाप म्हणाला.

"विटेने," आई म्हणाली.

डॉक्टरबाईने दोघांकडे बघितलं आणि दुसरं लिहून घेतलं.

ऑपरेशन झालं. साध्या मोतीबिंदूपेक्षा अवघड होतं म्हणे. चिकटलेलं सोडवावं लागलं, गढूळ भिंग काढून नवं बसवावं लागलं. आठवडाभर उजव्या डोळ्यावर प्लास्टिकची वाटी होती. आठवड्याने तपासणी झाली. आई पोरीला घेऊन शेजारच्या खोलीत चष्म्याचं माप द्यायला गेली, आणि डॉक्टरबाईने पुढचं सगळं एकट्या ओळंब्याला समजावून सांगितलं. आमच्या या गोष्टीतलं खरं ऑपरेशन ते होतं, आणि तेच फसलं.

बाई म्हणाली होती ते असं. ऑपरेशन म्हणजे निम्मं काम, उरलेलं निम्मं घरी. इतके दिवस हा उजवा डोळा बसून होता, तेव्हा डोक्याने त्याचं ऐकणं सोडून दिलंय. त्याला पुन्हा बघायला शिकवायचं. त्यासाठी चांगला डावा डोळा रोज चार तास पट्टीने झाकायचा, म्हणजे उजव्याला झक मारत काम करावं लागेल. थेंब रोज घालायचे. महिन्याने दाखवायला आणायचं, डोळ्यातला दाब बघावा लागतो. आणि हे सगळं आत्ताच करायचं. सात-आठ वर्षांचं मूल झालं की मग नवं भिंग आरशासारखं चकचकीत असलं तरी डोळा काही शिकत नाही.

ओळंब्याने हे सगळं नीट ऐकलं. कान त्याचे उत्तम होते. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "पट्टी कोणत्या डोळ्याला?"

"ऑपरेशनच्या," तो म्हणाला.

तो खोटं बोलला असं त्याला शेवटपर्यंत वाटलं नाही. त्याने डॉक्टरबाईची चूक दुरुस्त केली होती. नुसता विचार करा ना, धडधाकट डोळा कोण झाकतं? नव्या स्लॅबवर आपण ओली पोती टाकतो. खालचे टेकू काढत नाही, वर कुणाला पाय ठेवू देत नाही. ताज्या गिलाव्यात कुणी खिळा ठोकतो का? नवं काम झाकायचं, मुरू द्यायचं, भार जुन्यावर ठेवायचा. हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं, आणि स्टुलावरून सरकणाऱ्या पोरीने ते पुसून टाकावं इतका काही तो हलका नव्हता.

आणि कर्तव्याला तो कसला पक्का. सकाळी उठला की आधी स्वतःच्या हाताने पट्टी लावायचा. कडा अंगठ्याने दाबायचा, जशा गिलाव्याच्या कडा दाबतात. बाईने चार तास सांगितले होते, याने आठ केले. नाजूक काम आहे, जास्त मुरलेलं बरं. पोरगी उजवा डोळा झाकून डाव्याने मजेत हिंडायची, कुरकूर नाही की काही नाही. "बघा, किती सोसली तिला," असं तो सगळ्यांना सांगायचा. सोसणारच. दुखण्यासारखं त्यात काही नव्हतं आणि शिकण्यासारखंही.

महिना झाला. बायकोने पिशवी भरली. ओळंब्याने पोरीला दारात उभं केलं, पट्टी काढली, चार पावलं मागे गेला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. "लखलखीत," तो म्हणाला, "बाईला त्रास कशाला?" पिशवी पुन्हा खुंटीवर गेली.

तीन महिने झाले तेव्हा आईने पुन्हा तोच तळहात डाव्या डोळ्यावर ठेवला. तिच्याकडे तेवढंच एक यंत्र होतं.

"आई, धूर झालाय," पोरगी म्हणाली.

या वेळी पिशवी भरायलाही ती थांबली नाही.

डॉक्टरबाईने यंत्राकडे न्यायच्या आधीच पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. पोरगी दिवसभर उन्हात हिंडणारी, सावळी झालेली. उजव्या डोळ्याभोवती मात्र फिकट कातडीचा स्वच्छ गोल होता. इतका रेखीव की ओळंब्याने उभ्या आयुष्यात तेवढं नेमकं काही बांधलं नव्हतं.

"पट्टी कोणत्या डोळ्याला लावत होतात?"

ओळंब्याने सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, समजावलं. स्लॅब सांगितला, पोती सांगितली, टेकू सांगितले. आठ तासांचंही सांगितलं. बाई स्टूल न हलवता ऐकत होती. त्याला वाटलं, आता ती आपल्याकडून शिकते आहे.

"स्लॅब किती दिवस झाकता?" तिने विचारलं.

"एकवीस."

"आणि तुमचा हात तीन महिने गळ्यात बांधून ठेवला, तर तो थापी धरेल?"

ओळंब्याने आपल्या हाताकडे बघितलं. मग बायकोकडे बघायला गेला, पण ती आधीच खिडकीबाहेर बघत होती.

"आता दुसऱ्या डोळ्याला," बाई म्हणाली, "रोज चार तास, आणि त्या वेळात तिला बारीक बघायचं काहीतरी काम द्या. महिन्याने बघते. काहीच फरक पडला नाही तर..." आणि वाक्य अर्धं ठेवून तिने थेंबांची चिठ्ठी लिहायला घेतली.

तिसऱ्या दिवशी बायको माल कालवता कालवता मान वर न करता म्हणाली, "भिंत चुकली तर पाडून पुन्हा बांधता येते. डोळा कसा पाडणार ते तुमच्या डोळ्याला विचारून ठेवा."

आता गंमत बघा. चुकीच्या डोळ्याची पट्टी पोरीने तीन महिने दागिन्यासारखी मिरवली होती. बरोबर डोळ्याची पट्टी तिने पाच मिनिटांत उपटून काढली. कारण आता जगाचा धूर होत होता. आईने मणी ओवायला दिले, तिने ते चुलीमागे फेकले. धान्यातले खडे निवडायला बसवली, तिने सगळंच धान्य खडे म्हणून निवडून दिलं. पट्टी पुन्हा लावली, पुन्हा निघाली. आठ दिवसांत सगळी मिळून तासभरही टिकली नसेल. चार तास रोज, असं महिनाभर. त्यातले आठ दिवस गेले. आई रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची, आणि ओळंबा आई बघते आहे ते बघायचा.

एका दुपारी पोरगी रुसून बापाच्या हत्यारांच्या पोत्यात शिरली. पट्टी डोळ्यावर होती, कारण नुकतीच लावली होती. पोत्याच्या तळातून तिने फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. दोरी धरून उभी राहिली, तर खाली पितळेचा ओळंबा झुलायला लागला. दारातून ऊन येत होतं. पितळ चमकलं की तिची मान हलायची, पितळ फिरलं की पुन्हा हलायची. उजव्या डोळ्याच्या धुरातून तिला तेवढी एक चकाकी सापडली होती, आणि ती सोडायला ती तयार नव्हती. पट्टीला हात लागला नाही.

आईने ते बघितलं. मग ओळंब्याकडे वळली.

"सापडला वाटतं."

"बापाची आठवण म्हणून ठेवलाय," तो म्हणाला.

"आठवण काळी पडते. हे लखलखतंय." तिने आवाज चढवला नाही. "पंधरा वर्षं सगळी माणसं जेवायला गेली की तुम्ही भिंतीमागे जाता. तुम्हाला काय वाटलं, दर दुपारी तिकडे लघवीला जाता असं मी धरून चालले?"

हे तिनेच पुढे माझ्या आईला सांगितलं, म्हणून मला कळलं. आणि तेव्हा आमच्या मागच्या भिंतीचा उलगडा झाला. तो ती बांधत होता तेव्हा माझे वडील दिवसभर तिथेच खाट टाकून बसायचे, जेवायलाही उठायचे नाहीत. बिचाऱ्याला भिंतीमागे जाऊन चोरून दोरी सोडायला सवडच मिळाली नाही. गावातल्या ज्या भिंती सरळ आहेत त्यांचे मालक वेळेवर जेवणारे होते, एवढाच त्याचा अर्थ.

पोरीने विचारलं, "हे कशाला असतं?"

"भिंत खरं बोलते का ते बघायला," आई म्हणाली.

झालं. पोरीला भिंती बघायच्या होत्या. पहिले दोन दिवस बापाने तिला घरातच ठेवली. तो वरून दोरी धरायचा, ती नाक दोरीला लावून भिंत आणि दोरी यांच्यात बोट घालून बघायची. "बाबा, ही वाकडी." "बाबा, ही पण." घराच्या चारही भिंती दोन दुपारांत संपल्या आणि एकही सुटली नाही. तिसऱ्या दिवशी तिने पट्टीची कड नखाने धरली आणि म्हणाली, "शाळेची भिंत बघायची. नाहीतर काढते."

शाळेची भिंत म्हणजे भर रस्त्यात. समोर सावली, सावलीत शिंपी. ओळंबा म्हणाला, उद्या जाऊ. उद्या म्हणाला, ऊन फार आहे. परवा म्हणाला, दुपारी जाऊ, सगळे जेवायला गेले की. बायको घमेलं उचलत म्हणाली, "बाईने वेळ जेवणाची नाही सांगितली. महिन्याची सांगितलीय."

तो गेला. सकाळी दहा वाजता, भर उजेडात, एका हाताला पोरगी, दुसऱ्या हातात दोरी. मी तेव्हा शिंप्याच्या शेजारी बसलो होतो, सदऱ्याला गुंडी लावून घ्यायला. पैशांअभावी मध्यंतरी रखडलेली भिंत आता कुठे वीस थरांवर आली होती. ओळंबा परांचीवर चढला आणि दोरी खाली सोडली. सावलीतले सगळे मान वर करून बघायला लागले.

"काय रे ओळंबा," शिंपी सुई थांबवून म्हणाला, "आज डोळे घरी विसरलास?"

"हे माझ्यासाठी नाही," तो वरून म्हणाला. "पोरीला करमत नाही म्हणून. माझ्या डोळ्याला..."

"माझ्या डोळ्याला लागतो, बाबा," पोरगी खालून म्हणाली. "हलवू नको ना."

डावा डोळा पट्टीखाली, चष्मा नाकाच्या टोकावर, तोंड जवळजवळ विटेला टेकलेलं. वजन झुलायचं थांबेपर्यंत ती थांबली. बापासारखीच थांबली, पण तिच्या थांबण्यात काम होतं. मग तिने फटीत एक बोट घातलं. मग दुसरं घातलं.

"दोन," ती मोठ्याने म्हणाली. तिचा आवाज शाळेच्या आवारात पोचला असावा.

शिंपी हसायच्या बेतात होता. पण ओळंबा परांचीवरून उतरला, पोरीच्या शेजारी गुडघ्यावर बसला आणि त्याने आपलीही दोन बोटं त्या फटीत घातली. ती सहज गेली. तो तिथे बराच वेळ बसला. त्या वेळी त्याने कुठलाच डोळा मिटला नव्हता. नंतर उठला आणि वरची वीट काढली. मग दुसरी. वीसच्या वीस थर त्याने संध्याकाळपर्यंत उतरवले. बायको विटा झेलून रचत होती आणि पोरगी प्रत्येक वीट मोजत होती, पट्टीसकट. त्या दिवशी तिचे पाच तास झाले.

त्यानंतर महिना संपेपर्यंत ती रोज कामावर गेली, डोळ्यांवर पाणबुड्यांसारखा मोठा चष्मा लावून, कपची उडेल तिथून दहा पावलं लांब. चष्मा आईने आणला होता. वीट तोडताना ओळंबा आता विटेकडे बघतो, बघ्यांकडे नाही.

डॉक्टरबाईच्या खोलीत चित्रांचा तक्ता आहे. तीन महिन्यांच्या कर्तव्यानंतर पोरीला त्यावरचं सगळ्यात मोठं चित्रही दिसलं नव्हतं. या वेळी तिने वरून तिसऱ्या ओळीपर्यंतची चित्रं सांगितली आणि चौथीला अडली.

"शिकतोय," बाई म्हणाली. "पूर्ण येईल असं मी म्हणत नाही. मधले महिने वाया गेले आहेत. पण दोन वर्षं असंच चालू ठेवा."

ओळंब्याने स्लॅबबद्दल काही सांगितलं नाही. फक्त दारातून वळून विचारलं, "चार तास म्हणजे चारच ना? पाच चालतात?"

माणूस बदलला असं मात्र मी लिहिणार नाही. मागच्या आठवड्यात तो आमच्याकडे आला, मागच्या भिंतीवर उघडपणे ओळंबा सोडला, बघितलं आणि म्हणाला, "तीन बोटं." मी म्हटलं, मग? तर कपाटाच्या पायाखाली दोन पाचरी ठोकून गेला. दार आता उघडत नाही. भिंत आहे तशीच आहे.

आज सकाळी तो कामावर निघाला. पोरीला शाळा होती, म्हणून एकटाच. पूर्वी ते पितळ पोत्याच्या तळाशी असायचं. आज पोतं खांद्यावर होतं आणि ओळंबा हातात, दोरी बोटाला गुंडाळून, पितळ खाली लोंबतं. शिंप्याचं दुकान उघडलं होतं. ओळंब्याने तिकडे बघितलं नाही आणि पावलंही भरभर टाकली नाहीत.

पोरगी उंबऱ्यात उभी होती, डाव्या डोळ्यावर पट्टी, चष्म्याची काच नुकती पुसलेली. आई मागे उभी राहून तिची वेणी घालत होती.

"बाबा कुठवर दिसतात?" आईने विचारलं.

"नळापर्यंत." महिन्याआधी तिला अंगणाचं फाटकही दिसत नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाली, "गिरणीपर्यंत."

गिरणीच्या पुढे रस्ता उन्हात निघतो. पोरीने मान पुढे केली, वेणी आईच्या हातात ताणली गेली.

"आता बाबा नाही दिसत," ती म्हणाली. "पण ते हलतंय, ते दिसतंय."